नाईक तलावाजवळ, साडेनऊनंतर

पाटीवरची जागा संपली म्हणून पेंटरने
‘मेक्सिकन व साल्वादो’ एवढंच लिहिलं,
उरलेला ‘र’ खाली, शटरच्या कडेला,
जिथे कुत्रं झोपतं.
वस्तीचं नाव बांगलादेश.
त्यामुळे आणखी एका देशाची भर पडली
याचं इथे कोणाला काही वाटलं नाही.

मेयोतली दुपारपाळी संपवून मी येते.
हाताला स्पिरिटचा वास असतो,
तो साबणाने जात नाही, कांद्याने जातो.
टेबलं चार. चौथ्याचा एक पाय आखूड,
त्याखाली हातमागाचा जुना धोटा सारलेला.
मी तिथेच बसते.

यादोराव हेडाऊ नऊ वर्षं ह्यूस्टनला
कोणाच्या तरी हॉटेलात भांडी घासत होते.
शेजारच्या शेगडीवर मार्ता नावाची बाई.
तिला इंग्रजी येत नव्हतं, यांनाही.
मक्याच्या पिठाचा गोळा तळहातावर,
अंगठ्याने खळगा, आत सारण, तोंड बंद,
मग या हातातून त्या हातात थापत जायचं,
एवढं शिकायला बोलावं लागत नाही.
‘पुपुसा’, ती म्हणाली.
हे म्हणाले, ‘भाकर’.
दोघांनीही मान हलवली
आणि आपापलाच शब्द ठेवला.

आता थापते ती त्यांची बायको, देवका.
ती गोंदियाच्या पलीकडे कधी गेली नाही.
‘तिकडे काय भरतात ते मले नका सांगू,
इकडे काय भेटते ते पहा.’
म्हणून आत बरबटी, थोडं पनीर,
भिवापुरी मिरची, वरून सांबार,
बाजूला पत्ताकोबीचं आंबट,
दोन दिवस बरणीत रुसून बसलेलं.
टाकोही मिळतो. पोट्टे त्याला
अर्धी पोळी म्हणतात
आणि अर्धेच पैसे देऊ पाहतात.

गल्ल्यामागे मार्ताचा फोटो आहे,
एप्रन घातलेली, डोळे मिटलेले,
नेमकी तेव्हाच पापणी लवली असणार.
गिऱ्हाइकांना वाटतं, बाई गेली.
कोणीतरी दर थोड्या दिवसांनी हार घालतं.
‘जिती हाय ते,’ म्हणत यादोराव काढून टाकतात.
पण मागच्या दिवाळीपासून
तिचा फोन लागत नाही,
हे ते सांगत नाहीत. देवका सांगते,
तेही ते मागे पाणी भरायला गेले की.

आमच्या वॉर्डात सोनबाजी पराते होते,
जन्मभर मागावर बसलेले,
तीन दिवस खिचडीला तोंड न लावलेले.
एका रात्री इथून एक पुपुसा बांधून घेतली,
दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाताना नेली.
गार झालेली, कागदाला चिकटलेली,
तेलाचा डाग पार माझ्या पर्सपर्यंत.
त्यांनी आधी तिचा काठ तपासला,
लुगड्याचा तपासावा तसा, बोट फिरवून.
मग तोडली. चावली. बराच वेळ.
‘हे भाकर त आपलीच हाय बाई,’
ते म्हणाले,
‘फक्त लय दूर देल्ली.’

मी हे देवकाला सांगितलं.
तिने पुढची तव्यावर टाकली,
कडेने पाण्याचे थेंब उडाले.
हसली वगैरे नाही.
‘मंग पुरी खाल्ली का त्यायनं?’
‘अर्धी.’
‘अर्धी बी लय झाली.’

साठ झाले. मी शंभराची दिली.
सुट्टे नव्हते.
चाळीस रुपये वहीत चढले,
माझ्या नावाच्या जागी ‘शिष्टर’.
फोटोवर पुन्हा झेंडूचा हार होता, ताजा.
यादोराव स्टूल ओढत उठले.